हाव आणि न्हाई

शनिवार, २२ फेब्रुवारी १९८६, सकाळचे साडेसात. सकाळची शाळा भरली होती, प्रार्थना नुकतीच संपली होती आणि जिल्हा परिषदेची जीप फाटकाशी येऊन थांबली. जीपमधून उपशिक्षणाधिकारी उतरले. त्यांच्यामागून गावचे माजी सरपंच उतरले. माझ्याविरुद्धची तक्रार त्यांनीच केली होती.

तक्रार एका वाक्याची होती. नववीचे गुरुजी नागरिकशास्त्राच्या नावाखाली पोरांना नांदेडच्या बाजूने आणि लातूरच्या विरुद्ध शिकवतात. माझी नेमणूक तात्पुरती होती. वर्ष संपल्यावर मला ठेवायचे की घरी पाठवायचे, हे अधिकारी त्या दिवशीच्या पाहणीवरून ठरवणार होते. मी पस्तिशीत होतो. सरकारी नेमणुकीची वयोमर्यादा जवळ आली होती. ही जागा गेली असती तर दुसरी मिळाली नसती. मी शिक्षक राहणार की नाही, एवढाच त्या सकाळचा प्रश्न होता.

आता वाद काय होता ते सांगतो.

शाळेचे गाव नांदेड जिल्ह्याच्या अगदी कडेला होते. गावाच्या पश्चिमेला एक ओढा. ओढ्यापलीकडचे गाव पूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर हा नवा जिल्हा झाला, तेव्हा ते गाव लातूरमध्ये गेले. आमचे नांदेडमध्ये राहिले. पहिली काही वर्षे कुणाला त्याचे काही वाटले नाही. पाऊस चुकला तेव्हा वाटू लागले. ओढा आटला, विहिरींचे तळ दिसू लागले. पलीकडच्या गावात लातूरचा टँकर रोज येई. आमच्याकडे नांदेडचा टँकर यायचा तेव्हा यायचा. बायका ओढ्याच्या कोरड्या वाळूतून पलीकडे जात आणि तिथल्या विहिरीवर बोलणी खात पाणी आणत. चावडीवर बोलणे सुरू झाले की दरखास्त देऊन गाव लातूर जिल्ह्यात घालून घ्यावे. अर्धे गाव म्हणाले घालावे, अर्धे म्हणाले घालू नये. माजी सरपंच घालावे म्हणणाऱ्यांचे पुढारी होते. मी नायगावकडचा. नायगाव नांदेड जिल्ह्यात. त्यामुळे माझा ओढा कुणीकडे असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते.

वर्गात मुले भांडत. घरी ऐकलेले इथे येऊन ओरडत. दोन मुलांनी एकमेकांचे सदरे फाडले, तेव्हा मी नागरिकशास्त्राचे पुस्तक मिटले आणि वर्गाला शाळेच्या मागच्या भिंतीपाशी नेले. भिंत लांब होती, पांढरी होती आणि तिचा कुणाला उपयोग नव्हता. मध्यभागी गेरूने प्रश्न लिहिला: आपले गाव लातूर जिल्ह्यात जावे का? तिथून दोन मोठ्या रेघा ओढल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मुलांना सांगितले की गावातला प्रत्येक मुद्दा या दोन रेघांवर बसवायचा. मुद्द्याला फाटा फोडून त्याखाली समोरच्या बाजूचे उत्तर लिहायचे. उत्तराला उत्तर असेल तर त्याखाली पुन्हा फाटा. रस्ते, नाले आणि वाड्या दाखवणारा नकाशा असतो, तसा हा भांडणाचा नकाशा.

नियम दोनच ठेवले. ज्याचे मन ज्या बाजूला, त्याने दुसरी बाजू मांडायची. आणि मुद्दा लिहिण्याआधी तो ज्याचा आहे त्याच्या घरी जायचे, ऐकायचे, आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचे. त्याने मान्य केले तरच भिंतीवर लिहायचे. तो म्हणाला की मी असे बोललो नव्हतो, तर पुन्हा जायचे.

दुसऱ्या नियमाने मुले हैराण झाली. गावातली माणसे सहज मान्य करत नाहीत. एक म्हातारे तर नातवाच्या वयाच्या मुलाला म्हणाले, "तू सांगून राहिला ते बरोबर हाय, पण मी ते इतकं पटकन म्हणत नसतो. जरा खोकून म्हण." मुलगा येऊन मला विचारू लागला, खोकला कसा लिहायचा.

दोन रेघांच्या टोकांना शब्द लिहायचे होते. मी होय आणि नाही असे सुचवले. ज्या मुलीचे अक्षर चांगले म्हणून तिच्या हाती कुंचला दिला होता, तिने लिहिले: हाव आणि न्हाई.

मी म्हणालो, "प्रमाण भाषेत लिही."

ती म्हणाली, "गुरुजी, भिंत कोण वाचणार हाय?"

"गाव."

"मग गाव हाव म्हणतंय. होय म्हणून कोण मान्य करतंय हो आपल्याकडं? होय म्हणलं की वाटतंय बाहेरून कुणी आलंय."

वर्ग हसला. ते बाहेरचे मी होतो, असे तिला म्हणायचे नव्हते. शुद्धलेखनाच्या बाबतीत मी कडक आहे. आजही आहे. तरीही शब्द तसाच ठेवला, कारण तिने कारण दिले होते आणि मला त्याचे उत्तर सापडले नाही. भिंतीचा नियम मलाही लागू होता.

ही मुलगी बौद्ध वस्तीतली. वडील रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जात, आई पलीकडच्या गावाहून पाणी आणी. तिच्या घरचे लातूरला जावे म्हणणारे होते. ती स्वतः नको म्हणणारी होती. दहावीनंतर तिला नांदेडच्या सरकारी वसतिगृहात जायचे होते. गाव लातूरला गेले तर नांदेडची जागा आपल्याला मिळणार नाही, असे तिने कुठूनतरी ऐकले होते. ते खरे होते की नाही, मला माहीत नव्हते. तिला ते खरे वाटत होते, म्हणून नियमाप्रमाणे तिच्या वाट्याला हाव आले. तिने कुरकूर केली नाही. पुढाऱ्याचाच मुद्दा आधी आणते म्हणाली आणि माजी सरपंचांच्या घरी गेली.

त्यांनी तिला ओसरीवर बसवले की अंगणात उभे ठेवले, हे मी विचारले नाही. तिने सांगितले नाही. दोनदा परत आली, म्हणाली आबा मान्य करून राहिले न्हाईत. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. तिसऱ्यांदा आली आणि न बोलता कुंचला उचलून लिहू लागली:

आम्ही नांदेडचे शेवटचे गाव आहोत. शेवटच्या गावाला टँकर पोचतो तेव्हा त्यात पाण्यापेक्षा आवाज जास्त असतो. लातूरला गेलो तर आम्ही पहिले गाव होऊ.

माजी सरपंचांचा मुलगाही त्याच वर्गात होता. बापाचे ऐकून त्याचेही मन हावकडे, म्हणून त्याच्या वाट्याला न्हाई. त्याने बापाच्या मुद्द्याला फाटा फोडला आणि खाली लिहिले:

लातूरकडून पाहिले तरी आपण हद्दीवरच आहोत. तिकडेही शेवटचेच होऊ.

तो लिहीत होता तेव्हा वर्गात कुणी हसले नाही. मुलीने कुंचला उचलला आणि परत ठेवला. तिला उत्तर सुचेना. फाटा तसाच उघडा राहिला.

बाकीची भिंत हळूहळू भरली. नांदेडचे मोठे हॉस्पिटल, लातूरची जवळची बस, नायगाव आणि देगलूरकडे दिलेल्या लेकी, कोर्टात पडून असलेले खटले, देवणीच्या बाजारात नेलेली जनावरे. एकाने लिहिले की माहूरची रेणुकामाय नांदेड जिल्ह्यात आहे, जिल्हा बदलला तर नवस बदलून मिळणार का? त्याखाली दुसऱ्याने उत्तर दिले, देवी तहसीलदाराला विचारून पावत नाही. ज्या आजीचा तो मुद्दा होता, ती उत्तर ऐकून खूश झाली आणि आपली बाजूच बदलली, असे मुलाने येऊन सांगितले. मी म्हटले, बाजू बदलली तरी मुद्दा राहील. मुद्दा आजीचा नसतो, भिंतीचा असतो.

संध्याकाळी माणसे रानातून येताना भिंतीपाशी थांबू लागली. ज्यांना वाचता येत नव्हते ते पोरांकडून वाचून घेत. भांडणे थांबली असे मी म्हणणार नाही. भांडताना माणसे आता, "ते भिंतीवर झालंय, नवीन काही असंल तर बोल," असे म्हणू लागली. हे माझ्या कानांनी ऐकले.

माजी सरपंचांच्या कानावर मात्र दुसरेच गेले. गुरुजींनी त्यांच्याच पोराकडून त्यांच्याविरुद्ध लिहून घेतले, असे त्यांना कुणीतरी सांगितले. ते भिंत पाहायला आले नाहीत. त्यांनी तक्रार दिली.

आता त्या सकाळकडे येतो.

मुख्याध्यापक आदल्या दिवसापासून अस्वस्थ होते. चांगले गृहस्थ, पण साहेब येणार म्हटले की त्यांच्या तोंडचे पाणी पळे. शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला कार्यालयात बोलावले.

"चुना कालवून ठेवलाय," ते म्हणाले. "शिपाई तयार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा. तासाभरात भिंत कोरी होईल. मग तक्रार कशाची?"

"मग माझ्यापाशी दाखवायला काय उरेल?"

"नोकरी उरेल हो तुमची."

मी नको म्हणालो. ते म्हणाले, "बघा बुवा. मी सांगायचं काम केलं." चुन्याची बादली त्यांनी भिंतीच्या कोपऱ्यातच ठेवून दिली. ऐन वेळी विचार बदलला तर असावी म्हणून.

उपशिक्षणाधिकारी पुण्याकडचे होते. बदलून येऊन त्यांना काही महिनेच झाले होते. पूर्वी ते मराठीचे शिक्षक होते असे ऐकले होते. सरळ उभे राहणारे, स्पष्ट बोलणारे. ते कार्यालयात बसले नाहीत, चहा नको म्हणाले आणि थेट भिंतीपाशी आले. नववीचा वर्ग तिथे रांगेत बसवला होता. माजी सरपंचांना खुर्ची दिली. मी भिंतीच्या टोकाला उभा राहिलो.

त्यांनी प्रश्न मोठ्याने वाचला. मग डाव्या टोकाकडे पाहिले, उजव्या टोकाकडे पाहिले. कपाळाला आठी पडली.

"हे काय लिहिले आहे?"

मी बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "तुम्ही थांबा. ज्याच्याविषयी चौकशी आहे त्याने मध्ये बोलायचे नाही. मी वाचतो." आणि त्यांनी वाचले, "गाव लातूरला जावे म्हणणाऱ्यांच्या बाजूला लिहिले आहे: हाव." ते मुख्याध्यापकांकडे वळले. "एका बाजूला उत्तर आहे, अशुद्ध का होईना, नाही असे आहे. दुसऱ्या बाजूला शिवी आहे. ज्यांना नवा जिल्हा हवा आहे, त्यांना हाव सुटली आहे, असे मुलांना शिकवले जाते? आणि वर म्हणता दोन्ही बाजू मांडल्या?"

कुणालाच काही उमगले नाही. मुले एकमेकांकडे पाहू लागली. त्यांच्या दृष्टीने तिथे शिवी नव्हती. घरात, रानात, वाण्याच्या दुकानात दिवसातून शंभरदा उच्चारला जाणारा साधा होकार होता. मलाच पहिल्यांदा कळले की साहेबांच्या मराठीत या शब्दाचा एकच अर्थ आहे, आणि तो लोभ हा आहे. हसावे की घाबरावे हे ठरवायला मला सवड मिळाली नाही.

"हे अक्षर कुणाचे?" त्यांनी विचारले.

मुलगी उभी राहिली. "माझं, सर."

"तुझी स्वतःची बाजू कोणती?"

"न्हाई."

"तुला बाजू नाही?"

"हाय ना सर."

"मग कोणती?"

"न्हाई."

"आहे की नाही?"

"हाय. न्हाई हीच हाय."

मागच्या रांगेतून कुणीतरी फुसकन हसले. साहेबांचा चेहरा लाल झाला. "ही मुलगी माझी थट्टा करते आहे का?" त्यांनी मुख्याध्यापकांना विचारले.

मुख्याध्यापकांना शब्द चांगला माहीत होता. ते इथलेच होते. पण साहेबांची चूक साहेबांना सांगायची, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. ते म्हणाले, "नाही साहेब. शब्द अशुद्ध आहे साहेब. आत्ता पुसून घेतो. चुना तयारच आहे."

"म्हणजे पुसायची तयारी आधीच होती," साहेब म्हणाले.

मुख्याध्यापक बादलीच्या पुढे येऊन उभे राहिले.

साहेब पुन्हा मुलीकडे वळले. आवाज जरा उतरला होता. "तुझी बाजू ही नाही, तर मग या बाजूला तू का लिहिलेस?"

"तेच करायचं असतंय सर. मला नांदेडच्या वसतिगृहात जायचंय. गाव लातूरला गेलं तर माझी जागा जाईल, म्हणून माझं मन न्हाई. म्हणून गुरुजींनी मला हाव दिलं."

"हाव दिली?"

"दिलं, सर."

इथे एक खूण होती. लोभ या अर्थी हाव स्त्रीलिंगी. मुलीने नपुंसकलिंग वापरले होते, आणि मराठीच्या माणसाला ते खटकायला हवे होते. त्यांना ते खटकलेही. पण त्यांनी ते अशुद्धात जमा केले.

ते माजी सरपंचांकडे वळले आणि म्हणाले, "तुमची तक्रार मला अतिरंजित वाटली होती. पण इथे तर ती भिंतीवरच लिहून ठेवलेली दिसते. तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे?"

हा प्रसंग मी पुष्कळदा आठवला आहे. त्या माणसाला काहीही करावे लागणार नव्हते. नुसते गप्प बसायचे होते. गप्प बसले असते तर खोटेही ठरले नसते, कारण खोटे बोलायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या गैरसमजाने त्यांचे काम फत्ते झाले असते. जीप निघून गेली असती आणि तिच्यामागे माझी नोकरी.

ते खुर्चीतून उठले. खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"साहेब, तुमच्याकडं जेवायला येता का म्हणून इचारलं तर माणूस काय म्हणतो?"

"म्हणजे?"

"यायचं असंल तर काय म्हणतो?"

"होय म्हणतो."

"आमी हाव म्हणतो. मंग आमी काय हावरे झालो का?"

साहेबांनी पुन्हा भिंतीवरच्या शब्दाकडे पाहिले.

"पोरगी पसंत हाय का म्हणून माझ्या बापानं इचारलं. मी हाव म्हणलो. तीस वर्सं झाली, अजून निस्तरून राहिलो. पण ती हाव लोभाची नव्हती साहेब. होकाराचं हाव होतं. लोभ असता तर जरा मोठ्या घरची बघितली असती."

नववीच्या वर्गात हशा पिकला. मुख्याध्यापकसुद्धा हसले आणि लगेच थांबले. माजी सरपंचांचा मुलगा मान खाली घालून बसला होता. घरी आईला हे सांगायचे की नाही, याचा तो विचार करत असावा.

माजी सरपंच भिंतीजवळ गेले. पहिल्यांदाच. डोळे बारीक करून उजव्या रेघेवरून बोट फिरवत गेले आणि एका ठिकाणी थांबले. टँकरच्या आवाजाचे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचले, अडखळत, शेवटपर्यंत.

"हे माझं हाय," ते म्हणाले. "ही पोर माझ्या दारी येऊन हे घेऊन गेली. पहिल्यांदा सांगितलं ते मला पटलं न्हाई, मी हाकलली. पुन्हा आली, पुन्हा हाकलली. तिसऱ्यांदा तिनं हे सांगितलं. तवा मी हाव म्हणलो. साहेब, मी पंधरा वर्सं सरपंचकी केली. माझं म्हणणं मला बी इतकं सरळ सांगता आलं न्हाई. आन् तिचं स्वतःचं मन तर उलटं हाय, हे मला आता, तुमच्यापुढं कळून राहिलं. मला वाटलं पोर आपल्याच बाजूची हाय."

साहेबांनी विचारले, "मग गुरुजी नांदेडच्या बाजूने शिकवतात, ही तुमची तक्रार?"

"ती खोटी निघाली. मी भिंत बघितली नव्हती. ऐकलेलं लिवलं."

"म्हणजे तक्रार मागे घेता?"

"ही घेतो. दुसरी एक हाय. पण ती साहेबापुढं सांगण्यासारखी न्हाई. ती मी गुरुजींना घरी सांगीन."

साहेब भिंतीजवळ गेले. मग त्यांनी सगळी भिंत वाचली, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक फाट्यासह. देवीच्या ओळीपाशी त्यांना हसू आले. उघड्या राहिलेल्या फाट्यापाशी थांबून त्यांनी मुलीला विचारले, याला उत्तर का नाही? ती म्हणाली, "सुचलं न्हाई सर. सुचलं नसताना लिवायचं न्हाई, असं गुरुजी म्हणतात."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "मी बारा वर्षे मराठी शिकवली. हा अर्थ मला ठाऊक नव्हता. मुलांना शब्द बदलायला लावू नका." त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितले की चुन्याची बादली उचलून ठेवा, लहान मूल पडेल. दारात चहा घेतला. जीपमध्ये बसताना म्हणाले, "तुमच्याविषयी मी चांगलेच लिहीन." आणि गेले.

त्यांनी शब्द पाळला. जूनमध्ये माझी नेमणूक पुढे चालू राहिली आणि नंतर कायम झाली. निवृत्त होईपर्यंत मी शिक्षक राहिलो. वसतिगृहाचे तिने ऐकले होते ते खरे होते की नाही, हे तपासायची वेळ आली नाही. दरखास्त पुढे कोणत्या टेबलावर थांबली कळले नाही, गाव नांदेडमध्येच राहिले आणि ती दहावीनंतर नांदेडला गेली. पुढच्या पावसाळ्यात भिंतीवरचा गेरू उतरला. पुढल्या वर्गांसाठी मी दुसरे प्रश्न लिहिले. टोकांचे शब्द तेच ठेवले.

कृतज्ञता हा शब्द मी फार वापरत नाही. वापरून तो झिजतो असे माझे मत आहे. पण माझ्या आयुष्यात त्याला जागा द्यायची असेल, तर ती तीन माणसांना आहे. ज्या मुलीने मला उत्तर नसलेले कारण दिले तिला. आपली चूक मुलांपुढे मान्य केली त्या अधिकाऱ्याला; अशी माणसे वरच्या जागांवर मी पुढे फार पाहिली नाहीत. आणि माझ्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या त्या शेतकऱ्याला. तो माझ्या बाजूचा नव्हता. माझ्या बाजूच्या माणसाने मला वाचवले असते तर मी आभार मानून विसरून गेलो असतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी माजी सरपंचांच्या घरी गेलो. आभार मानायचे ठरवून गेलो होतो. वाक्य मनात जुळवले होते. ते गोठ्यात होते. देवणी जातीची बैलजोडी, एक गाय आणि तिचे वासरू. जनावरांच्या फासळ्या दिसत होत्या. पलीकडच्या गावातून आणलेले पाणी रांजणात होते, आणि ते कुणाला किती द्यायचे हे त्यांच्या मनात ठरलेले दिसत होते.

"आबा," मी म्हणालो, "आज सकाळी तुम्ही—"

"ते राहू द्या गुरुजी. मी तुमच्यासाठी न्हाई बोललो. त्यानं आमच्या हावला शिवी म्हणलं, ते सहन झालं न्हाई. ही बादली धरा. हा पांढऱ्या तोंडाचा शिंगं मारतो, बादली सांडवतो. दोन्ही हातांनी धरा."

मी बादली धरली. बैलाने तोंड घातले.

"दुसरी तक्रार कोणती होती?" मी विचारले.

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिले. मुलगा आत अभ्यासाला बसला होता. ते आवाज खाली आणून म्हणाले, "त्यानं माझ्याखाली लिवलंय ते. तिकडं बी शेवटचेच होऊ म्हणून. आज वाचलं. तवापासून उत्तर शोधून राहिलो. सापडत न्हाई. रानात बी तेच, जेवताना बी तेच. त्या पोराला मी काय म्हणू? गुरुजी, तुमच्याकडं हाय का उत्तर?"

"नाही," मी म्हणालो.

"तुमचं मन कुठं हाय? खरं सांगा. नांदेड ना?"

"हाव."

ते मोठ्याने हसले. आतून मुलाने डोके बाहेर काढले आणि पुन्हा आत घेतले.

"मंग नियमाप्रमाणं तुमी माझं उत्तर शोधा," ते म्हणाले. "फैसला झाला."

बैलाने तळ चाटला. मी बादली उचलून दुसऱ्या बैलाकडे नेली, ते रांजणातून तांब्याने मोजून ओतत गेले. मग गाय. शेवटी वासरासाठी थोडे पाणी राहिले, ते मी पाजले, बादलीला कोरडा गवताचा बोळा फिरवून ती दावणीच्या खुंटाला उलटी टांगली.